नकाशा आणि परवाना : पांढुर्णा-सौंसरच्या निमित्ताने



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने भरणाऱ्या या सभेत बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मराठी वाङ्मय शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने नकाशांविषयी आणि तेही संगणकावरील नकाशांच्या परवान्यांविषयी का बोलावे, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, नकाशा हासुद्धा एक ग्रंथच असतो. त्याला भाषा असते, लिपी असते, कर्ता असतो आणि त्याच्या प्रती कोणी व कोणत्या अटींवर काढाव्यात याचे नियम असतात. त्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्दवर्ग विशेषनामांचा, म्हणजे गावांच्या, नद्यांच्या आणि टेकड्यांच्या नावांचा. तो तर भाषेच्या अभ्यासकाच्याच शेतात येतो.

शीर्षकातील दोन्ही शब्द आपल्याकडे बाहेरून आले. 'नकाशा' हा अरबी 'नक्श'पासून, म्हणजे कोरणे, उमटविणे या अर्थापासून आला, 'परवाना' फारसीतून. दोन्ही शब्द दरबारच्या वाटेने आले. राज्यकर्ता नकाशा उमटवितो आणि राज्यकर्ताच परवाना देतो, अशी ही जोडी पूर्वीपासून आहे. गेल्या दोनशे वर्षांत राज्यकर्ते बदलले, नकाशाचे साहित्य बदलले. परंतु नकाशा कोणी हाती धरावा आणि त्यावर नाव कोणी लिहावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न तोच राहिला. त्याचा इतिहास आपल्या दोन गावांच्या जागेवरून पाहावा, एवढाच आजचा संकल्प आहे.

१. कमान आणि साखळी

हिंदुस्थानची शास्त्रशुद्ध मोजणी १८०२ साली मद्रासजवळ सुरू झाली. विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने तेथे एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणांमागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे निघाला. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यावरून डोंगरमाथ्यांवर नेले जाई. १८१८ साली या कामास त्रिकोणमितीय महासर्वेक्षण हे नाव मिळाले. लॅम्बटन सत्तरीच्या घरात असताना, हैदराबादकडून नागपूरला जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. हिंगणघाट आपल्यापासून काही फार दूर नाही. तरी आपल्या पाठ्यपुस्तकांत हिमालयातील शिखरामुळे जॉर्ज एव्हरेस्टचे नाव येते, लॅम्बटनचे क्वचितच. त्याच एव्हरेस्टने पुढे ही मोजणी सातपुडा ओलांडून १८२४-२५ मध्ये माळव्यातील सिरोंजपर्यंत नेली. ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपासने जाणारी ही महाकमान पांढुर्ण्याच्या पश्चिमेस, शंभर किलोमीटरच्या आतून गेली.

ही मोजणी चालू होती तेव्हा आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. पुढील जमाबंदीत मालगुजारांना मालकी हक्क मिळाले आणि गावोगावी दुसऱ्या प्रकारचा नकाशा तयार झाला. हा पटवाऱ्याचा नकाशा होय. लॅम्बटनचा नकाशा आकाशातील ताऱ्यांकडे पाहून काढलेला, तर पटवाऱ्याचा नकाशा जमिनीवर साखळी ओढून काढलेला. पहिल्यात साम्राज्य दिसे, दुसऱ्यात शेत. शेतकऱ्याला पहिल्याशी कर्तव्य नव्हते. दुसऱ्यावर मात्र त्याचा बांध, त्याची विहीर आणि त्याचे खटले अवलंबून असत.

या दुसऱ्या नकाशाची व्यवहाराची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. नकाशा सरकारचा, तो पटवाऱ्याच्या दप्तरात राहावयाचा. शेतकऱ्याने अर्ज करावा, फी भरावी आणि नक्कल घ्यावी. नकलेवर सही-शिक्का असल्यावाचून ती चालत नसे. नक्कल मिळाली म्हणून मूळ नकाशावर शेतकऱ्याचा हक्क उत्पन्न होत नसे, आणि मूळ नकाशात चूक असली तर ती त्याला स्वतः दुरुस्त करता येत नसे. पाहण्याची मुभा, नकलेची फी, दुरुस्तीची मनाई : संगणकाच्या युगातील नकाशा-परवान्यांची कलमे वाचताना मला वारंवार या दप्तराची आठवण होते. मजकूर नवा असला, तरी सांगाडा ओळखीचा आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या जुन्या मराठीत गावाच्या जमिनीचे दोन भाग मानीत : पिकाची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. 'पांढुर्णा' हे नाव उच्चारताच मराठी कानाला ही 'पांढर' ऐकू येते. सरकारी मोजणीचा सारा भर सारा देणाऱ्या काळीवर होता. पांढरीत कोणाचे घर कोठे संपते आणि कोणाचे कोठे सुरू होते, याची नोंद बहुतेक गावांत नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी 'स्वामित्व' योजना सुरू केली आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी आरंभिली. आरंभीच्या राज्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही होती. काळीनंतर पांढरी नकाशावर येण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. ज्याला नकाशाची गरज असते त्याच्या गरजेपुरताच तो काढला जातो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको.

२. पत्रक ५५ के

सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकनात आपला प्रदेश '५५ के' या पत्रकात येतो. एक अंश रुंद आणि एक अंश उंच अशा या चौकोनात पांढुर्णा व सौंसर तर आहेतच. त्यांच्या जोडीला नरखेड, काटोल, सावनेर आणि वरूडही आहेत. म्हणजे सोयरिकींचा, संत्र्यांच्या बाजाराचा आणि बोलीचा जो आपला मुलूख, तो एकाच पत्रकावर मावतो. अक्षांश-रेखांशांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात.

परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी या पत्रकावरून एक नवी रेषा गेली. जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर सोडून भोपाळला गेली. छिंदवाडा जिल्हा आपल्या सौंसर तहसिलीसह मध्य प्रदेशात राहिला. विभागणीचे एकक जिल्हा होते, म्हणून जिल्ह्याबरोबर तहसील गेली. त्याच सुमारास आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा निवाडा करताना हरी विनायक पाटसकर यांनी खेडे हे एकक मानले होते. मी येथे सीमावाद उकरू इच्छीत नाही. एवढेच सांगावयाचे आहे की, कोणत्या मापाचा नकाशा टेबलावर पसरला यावरही माणसांच्या शाळेची आणि कचेरीची भाषा ठरते. नकाशा निर्णयाचे चित्र काढतो आणि पुष्कळदा निर्णय घडवितोही.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. १९५६ मध्ये जिल्ह्यामागून ओढली गेलेली तहसील अखेर स्वतःच जिल्हा झाली. या घटनेकडे मी पुन्हा वळणार आहे.

३. बंद पेटीपासून खुल्या दारापर्यंत

स्वातंत्र्यानंतर नकाशांवरील निर्बंध सैल झाले असतील, अशी कोणाची समजूत असल्यास ती बरोबर नाही. युद्धांच्या आणि सुरक्षेच्या चिंतेपोटी ते कडक झाले. सीमेलगतच्या व किनारपट्टीच्या प्रदेशांची तपशीलवार पत्रके सामान्य नागरिकास मिळत नसत. ज्या देशाने १७६७ पासून सर्वेक्षण विभाग चालविला, त्या देशातील भूगोलाच्या शिक्षकालाही आपल्या तालुक्याचे चांगले पत्रक मिळविणे जिकिरीचे होते.

पहिला मोठा बदल मे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने झाला. त्यानुसार नकाशांच्या दोन मालिका झाल्या : एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी सर्वांसाठी खुली. तरीही खुल्या मालिकेतील नकाशा वापरून दुसरे काही तयार करावयाचे असल्यास परवानगीची शृंखला होतीच. २०१७ मध्ये, विभागाच्या २५० व्या वर्षी, सुमारे ३,००० पत्रके संगणकावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. तीही आधार क्रमांक देऊन आणि दिवसाला तीनच.

मधल्या काळात, मे २०१६ मध्ये, केंद्र सरकारने भू-स्थानिक माहितीच्या नियमनाचे एक विधेयक मसुद्याच्या रूपाने लोकांपुढे ठेवले होते. त्यात भारतातील स्थळांची माहिती गोळा करण्यास, बाळगण्यास व प्रसिद्ध करण्यास परवाना बंधनकारक करण्याचे योजिले होते. उल्लंघनास शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचविली होती. शब्दशः अर्थ लावला तर हातातील दूरध्वनीवर रस्ता पाहणारा प्रवासीही त्या व्याख्येच्या तावडीत सापडला असता. मसुद्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो कायदा झाला नाही.

पाच वर्षांनी चक्र पुरते उलटे फिरले. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगी व परवाना घेण्याच्या बंधनातून मुक्त केले. नियमांचे पालन करीत असल्याचे स्वतःच प्रमाणित करावे, एवढीच अट राहिली. परदेशी कंपन्यांना मात्र आडव्या अंतरात एक मीटर व उंचीत तीन मीटर यांहून अधिक बारकाईचे नकाशे स्वतः तयार करण्यास मनाई झाली. असे नकाशे त्यांनी भारतीय संस्थांकडून परवान्याने घ्यावेत आणि तेही 'एपीआय'च्या द्वारेच, असे ठरले. २८ डिसेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणाने हाच मार्ग पुढे नेला.

'एपीआय' हा शब्द येथे उलगडून सांगितला पाहिजे, कारण पुढील सारे विवेचन त्याभोवती फिरणार आहे. टपाल कचेरीची खिडकी डोळ्यांपुढे आणा. आत सारे भांडार आहे. आपणांस आत जाता येत नाही. आपण खिडकीशी चिठ्ठी देतो आणि मागितले तेवढे बाहेर येते. संगणकाच्या एका कार्यप्रणालीने दुसऱ्याच्या भांडारातून माहिती मागण्याची अशी खिडकी म्हणजे एपीआय. खिडकी कोणासाठी उघडी ठेवावी, किती वेळा चिठ्ठी घ्यावी आणि दर चिठ्ठीस काय आकारावे, हे भांडारवाला ठरवितो. पटवाऱ्याच्या दप्तराची नक्कल ती हीच, फरक इतकाच की ती क्षणात मिळते आणि क्षणात बंदही होऊ शकते.

४. खिडकीचे भाव

गूगल कंपनीने फेब्रुवारी २००५ मध्ये आपला नकाशा संगणकावर आणला. काही महिन्यांतच पॉल रेडमाकर या प्रोग्रॅमरने त्या नकाशावर भाड्याच्या घरांच्या जाहिराती बसवून दाखविल्या. त्यासाठी त्याने कोणाची परवानगी घेतलेली नव्हती. कंपनीने खटला भरण्याऐवजी जून २००५ मध्ये सर्व प्रोग्रॅमरांसाठी खिडकीच उघडली आणि तीही फुकट. त्या औदार्याने जगभर लक्षावधी संकेतस्थळांवर नकाशे झळकू लागले. आपल्याकडे सरकारी पत्रके दुर्मीळ असताना लहान गावांतील तरुणांना प्रथमच आपले गाव आकाशातून दिसले. हे श्रेय त्या कंपनीचे आहे, आणि ते तिला प्रांजळपणे दिले पाहिजे.

पुढे भाव लागले. २०११ च्या ऑक्टोबरात घोषणा होऊन २०१२ पासून दिवसाला २५ हजारांपर्यंत नकाशे फुकट आणि त्यापुढे हजारी चार डॉलर, असा दर ठरला. ओरड झाल्यावर जून २०१२ मध्ये तो अर्ध्या डॉलरवर आला. मे २०१८ मध्ये साऱ्या व्यवस्थेची फेरमांडणी जाहीर झाली आणि जुलैपासून ती अंमलात आली. हालत्या नकाशाचा दर हजारी सात डॉलर झाला आणि दरमहा २०० डॉलरची सूट देण्यात आली. हिशेब करून पाहा : पूर्वी दिवसाला २५ हजार नकाशे फुकट होते, ते आता महिन्याला सुमारे २८ हजार झाले. शिवाय बिलासाठी बँकेचे कार्ड नोंदविणे सक्तीचे झाले. ज्यांनी नोंदविले नाही, त्यांच्या संकेतस्थळावरील नकाशा काळवंडला आणि त्यावर 'केवळ विकासकार्यासाठी' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आडवी उमटली. मोठ्या कंपनीस हा खर्चाचा प्रश्न होता. लहान शाळा, ग्रंथालय किंवा एकट्या हौशी तरुणाचे संकेतस्थळ यांच्यासाठी तो अस्तित्वाचा प्रश्न होता.

भारतापुरता पुढचा फेर जुलै २०२४ मध्ये आला. ओला कंपनीने गूगलचे नकाशे सोडून स्वतःचे वापरण्यास आरंभ केला आणि प्रोग्रॅमरांना एक वर्ष ते विनामूल्य देऊ केले. त्याच महिन्यात गूगलने भारतासाठीचे दर १ ऑगस्टपासून ७० टक्क्यांपर्यंत उतरविले आणि बिल रुपयांत घेण्याची सोय जाहीर केली. बाजारात दुसरे दुकान उघडताच पहिल्याचा भाव उतरतो, हे सौंसरच्या संत्रे-बागाईतदाराला कोणी शिकवावयास नको. १ मार्च २०२५ पासून जगभर २०० डॉलरची मासिक सूट बंद झाली आणि तिच्या जागी सेवेगणिक फुकट मर्यादा आली.

या वीस वर्षांत नकाशातील रस्ते आणि नद्या तेथेच होत्या. पालटला तो अटींचा कागद, आणि तो एका पक्षाने पालटला. करारात दुसऱ्या पक्षाने मान हलवावयाची किंवा निघून जावयाचे.

५. सामायिक विहीर

याच काळात दुसऱ्या वाटेनेही काम चालले होते. २००४ साली स्टीव्ह कोस्ट या इंग्रज तरुणाने 'ओपनस्ट्रीटमॅप' सुरू केला. ब्रिटनमध्ये सरकारी नकाशे महाग आणि परवान्यांनी जखडलेले होते. तेव्हा लोकांनीच चालत, सायकलवर फिरत आपापल्या गल्ल्यांचा नकाशा काढावा, अशी ही कल्पना. त्याचा परवाना असा की, नकाशाचा साठा कोणीही उतरवून घ्यावा, वापरावा, विकावाही. मात्र काढणाऱ्यांच्या श्रेयाचा उल्लेख करावा आणि साठ्यात भर घालून तो वाटल्यास तीही भर सर्वांस त्याच अटीवर खुली करावी.

या परवान्याचाही पालट झाला. १२ सप्टेंबर २०१२ रोजी जुना परवाना जाऊन माहितीसाठ्यांकरिता खास बनविलेला नवा परवाना आला. तो कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. काम करणाऱ्या प्रत्येकास संमती विचारण्यात आली. ज्यांनी ती दिली नाही, किंवा ज्यांच्याकडून उत्तर आले नाही, त्यांनी काढलेल्या रेषा नकाशातून वगळण्यात आल्या आणि ते भाग दुसऱ्यांनी पुन्हा काढले. नुकसान झाले, वर्षे गेली, वाद झाले; पण ज्याने रेषा काढली त्याला विचारल्याशिवाय तिच्यावरची अट बदलली नाही. आपल्याकडील सामायिक विहिरीचा कारभार याहून निराळा नसतो : पाळ्या बदलावयाच्या तर सर्व वाटेकरी झाडाखाली बसतात.

आणखी एक उदाहरण नकाशा दाखविणाऱ्या कार्यप्रणालीचे. मॅपबॉक्स कंपनीची अशी एक प्रणाली अनेक वर्षे मुक्त परवान्याखाली होती. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने तिच्या दुसऱ्या आवृत्तीस स्वतःच्या मालकीचा परवाना लावला. परंतु पहिल्या आवृत्तीचा मुक्त परवाना काढून घेणे कंपनीस शक्य नव्हते. तिचा मजकूर घेऊन प्रोग्रॅमरांनी 'मॅपलिब्रे' नावाने निराळी शाखा चालू केली, आणि ती वाढली. कृपेने दिलेली मुभा आणि परवान्याने दिलेला हक्क यांतील भेद येथे लख्ख दिसतो. पहिली देणाऱ्याच्या मनावर असते. दुसरा एकदा दिला की घेणाऱ्याच्या हाती राहतो.

मात्र सामायिक विहिरीचे गोडवे गाताना तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. खुला नकाशा चालविण्यासही यंत्रे लागतात आणि त्यांचा खर्च कोणीतरी सोसतो. जेथे हौशी माणसे आहेत तेथे तो समृद्ध, जेथे नाहीत तेथे तो ओकाबोका. मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांचा तपशील भरणारे हात पुष्कळ. सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यांसाठी ते हात आपणच पुरवावयाचे आहेत.

६. नावांचा प्रश्न

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. रोमन लिपीत 'ढ' आणि 'ध' यांना एकच रूप, 'ण' आणि 'न' यांना एकच, अनुस्वाराचा तर भरवसाच नाही. इंग्रज कारकुनाने 'पांढुर्णा' रोमन अक्षरांत लिहिले तेव्हा तेथे ढ आहे की ध, ण आहे की न, ही माहिती गळून गेली. पुढे ते रोमन रूप यंत्रात गेले. यंत्राने ते पुन्हा देवनागरीत आणले की 'पंधुर्ना' असे काहीतरी निपजते. सौंसरचे 'सौसर' झाले तर नाकातला उच्चार जातो. हिंदी पाट्यांवर दोन्ही रूपे आढळतात. गंमत अशी की, भूगर्भशास्त्रात मँगनीजयुक्त खडकांच्या एका प्राचीन समूहास 'सौंसर समूह' म्हणतात, आणि त्यामुळे आपल्या तहसिलीचे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. पण तेही रोमन लेखनानुसार, अनुस्वार गाळून.

मोठ्या गावांची नावे कशीबशी टिकतात. खरी हानी लहान नावांची. जाम नदी नकाशावर एक निळी रेघ असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला पांढुर्णा आणि सावरगाव हे दोन तीर समोरासमोर उभे राहतात, तेव्हा त्या रेघेच्या प्रत्येक काठाला स्वतःचे नाव असते. ओढे, पाणंदी, टेकड्या, देवाच्या जागा, मोडलेल्या वाड्या यांना मराठीत एक नाव, हिंदीत दुसरे आणि गोंडांच्या वस्तीत गोंडीतले तिसरे असते. ही नावे सरकारी पत्रकावर आली नाहीत, कारण साऱ्याला त्यांची गरज नव्हती. कंपनीच्या नकाशावर येत नाहीत, कारण गिऱ्हाईक त्यांचा शोध घेत नाही. आणि कोणी हौसेने कंपनीच्या नकाशात ती सुचविलीच, तर ती कंपनीच्या भांडारात जमा होतात. उद्या आपल्याच शाळेला ती परत हवी झाली तर खिडकीशी उभे राहावे लागेल.

म्हणून परवान्याचा प्रश्न हा केवळ प्रोग्रॅमरांच्या खर्चाचा प्रश्न नव्हे. तो भाषेच्या ठेव्याचा प्रश्न आहे. खुल्या नकाशात प्रत्येक स्थळाच्या नोंदीखाली भाषेगणिक निराळे नाव लिहिण्याची सोय आहे. मराठी रूप, हिंदी रूप, इंग्रजी रूप एकमेकांना न पुसता शेजारी राहू शकतात. सीमेवरच्या, द्विभाषिक आणि त्रिभाषिक मुलखाला याहून मानवणारी व्यवस्था दुसरी दिसत नाही. १९५६ च्या रेषेने एकाच बाजूला राहावे लागते. नावाच्या नोंदीत तशी सक्ती नाही.

२०२१ च्या सूचनांमुळे भारतीय नागरिकास असा नकाशा काढण्यास पूर्वपरवानगीची गरज राहिलेली नाही. पण हेही विसरून चालणार नाही की त्या सूचना आहेत, संसदेने केलेला कायदा नव्हे. २०१६ चा मसुदा आणि २०२१ च्या सूचना यांत अवघे पाच वर्षांचे अंतर होते. जे दार पाच वर्षांत एवढे उघडले, ते कोणत्या वाऱ्याने लोटले जाईल हे कोणी सांगावे? उघडे आहे तोवर आत जे ठेवावयाचे ते ठेवून घ्यावे, हा शहाणपणा.

तेव्हा या शाळेपुढे आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांपुढे मी एक काम ठेवतो. नवा जिल्हा झाला आहे; त्याचा गावनिहाय नामकोश तयार व्हावा. आठवी-नववीच्या मुलांनी आपापल्या गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारून ओढ्याचे, शिवाराचे, पाणंदीचे, टेकडीचे नाव बोलले जाते तसे देवनागरीत उतरवावे. मराठी, हिंदी आणि जेथे असेल तेथे गोंडी, अशी रूपे निरनिराळी लिहावीत. कोणाचे रूप शुद्ध आणि कोणाचे अशुद्ध असा निवाडा मुलांनी करू नये. नाव कोणी सांगितले याऐवजी ते कोणत्या गावी आणि कोणत्या वर्षी ऐकले, एवढीच नोंद ठेवावी. भाषाशिक्षकांनी लेखन तपासावे, भूगोलाच्या शिक्षकांनी जागा. नागपूर-पुण्याकडे आणि परदेशी संगणकाच्या व्यवसायात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ही नावे खुल्या नकाशात कशी भरावयाची हे मुलांना सुट्टीत चार दिवस बसून शिकवावे. आणि साऱ्याची एक छापील प्रत शाळेच्या ग्रंथालयात राहावी. यंत्रे पालटतात, परवाने पालटतात. ज्या कागदावर आपले अक्षर आहे तो आपल्या कपाटात असावा.

लॅम्बटनला एक कमान उभी करण्यास वीस वर्षे लागली आणि ती पुरी झालेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. आपल्या नामकोशाला इतका काळ लागू नये. पण ज्यांच्या तोंडी ही नावे आहेत त्या पिढीपाशी फार वेळ उरलेला नाही, हे माझ्या वयाचा माणूस अधिकाराने सांगू शकतो. काम या पावसाळ्यानंतर, रस्ते कोरडे होताच, सुरू व्हावे.